सात वाजताचा बिबट्या

किसननानांसमोर 'लई' हा शब्द काढायची सोय नाही. कुणी काढलाच तर ते चष्मा कपाळावर सरकवतात आणि विचारतात, "लई म्हणजे किती?" मागच्या उन्हाळ्यात नारायणगावचा एक पाहुणा माझ्या दुकानात आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आला होता. घाम पुसत सहज म्हणाला, "लई गरम व्हतंय राव." नानांनी कोपऱ्यातून विचारलं, "लई म्हणजे किती? आणि कधीपासून?" पाहुण्याला वाटलं, हे डॉक्टर आहेत. त्याने उष्णतेबरोबर पोटाचीही तक्रार सांगितली. नानांनी तीही कॉम्प्युटरवर 'शेरा' या रकान्यात टाकून दिली.

महाळुंगे पडवळमध्ये रस्त्याला लागून माझं झेरॉक्सचं दुकान आहे. ऑनलाइन अर्ज, सातबारा, पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, जे पडेल ते करतो. लॅमिनेशनचं मशीन आणि भिंत यांच्या मधल्या कोपऱ्यात नाना बसतात. ते माझे नोकर नाहीत, भागीदार नाहीत, नात्यातले तर मुळीच नाहीत. दुकानामागच्या घरात राहतात, एवढाच संबंध. त्यांच्या घरची लाइट सारखी जाते आणि माझ्याकडे इन्व्हर्टर आहे, म्हणून एके दिवशी ते आपला कॉम्प्युटर घोंगडीत गुंडाळून घेऊन आले आणि म्हणाले, "दोन दिवस ठेवतो." त्यानंतर ती घोंगडी खुर्चीवर अंथरली गेली आणि दोन दिवसांचा विषय पुन्हा निघाला नाही.

नाना एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या त्या जाळीच्या खोलीत सगळी नोकरी गेली. गाडी आली की वेळ लिहायची, गाडी सुटली की वेळ लिहायची आणि मध्ये माइकवर बोलायचं. माइक गेला, बोलणं तसंच राहिलं. माझ्या बायकोने चहा पाठवला की नाना घोषणा करतात, "कृपया लक्ष द्या. चहा फलाटावर लागलेला आहे." सगळ्या गावात शुद्ध पुस्तकी बोलणारा हा एकच माणूस, आणि त्याचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागे फिरलेलं. वडील रोज संध्याकाळी वाड्याच्या तोंडाशी उभे राहून मेंढरं मोजायचे. नाना म्हणतात, मोजायची सवय तिकडची आणि बोलायची सवय खात्याची.

निवृत्त झाल्यावर वर्षभरातच त्यांची बायको गेली. मुलगा पुण्यात, सुट्टीला येतो. घड्याळ हातावर तसंच, पण त्याच्याकडे बघून सोडायची एकही गाडी नाही. अशा वेळी माणसं देवळात बसतात किंवा सुनेला बोलतात. नानांना सून जवळ नव्हती. त्यांना बिबटे सापडले.

आमच्या जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात बिबट्याचं कौतुक कुणाला राहिलेलं नाही. ऊस आहे तिथे बिबट्या आहे. लोक त्याच्याविषयी शेजाऱ्याविषयी बोलावं तसं बोलतात. काल इकडून गेला, परवा तिकडं बसला होता, पोरं घेऊन फिरतोय. नानांच्या लक्षात आलं की सगळे नुसते बोलतात, नोंद कुणीच ठेवत नाही. त्यांनी माझ्याच मशीनवर, माझ्याच कागदावर एक सूचना छापली. 'बिबट्या दिसल्यास कळवा. अफवा कळवू नये.' खाली मोबाइल नंबर. ती दूधवाल्यांच्या हाती दिली आणि दूधवाल्यांनी ती डिंभ्यापासून लेण्याद्रीच्या पायथ्यापर्यंत दूध संकलनाच्या भिंतींवर चिकटवली. फोन यायला लागले आणि माझ्या दुकानाची शांतता संपली.

नाना फोन कायम स्पीकरवर ठेवतात. दोन्ही हात कीबोर्डवर हवे असतात. शिवाय माझा अंदाज असा की जन्मभर स्पीकरवर बोललेल्या माणसाला कानाला लावून बोलणं चोरटेपणाचं वाटत असावं. प्रश्न ठरलेले आणि क्रमही ठरलेला: नाव, गाव, वेळ, ठिकाण, किती, काय करत होता, शेरा. प्रत्येक उत्तर टाइप झालं की डाव्या हाताची करंगळी जोरात टॅबच्या बटणावर पडते. गिऱ्हाइकाचा फोटो कापता कापता नुसत्या त्या आवाजावरून मला कळतं, गाडी आता कुठल्या रकान्यात पोहोचली.

टॅबवर नानांची जी श्रद्धा आहे ती मी अन्य कशावर पाहिलेली नाही. सुरुवातीला कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की दोन रकान्यांच्या मध्ये स्वल्पविराम टाका, मशीन ओळखतं. नानांनी टाकले. मग पिंपळ मळ्यातून एका बाईचा फोन आला. तिने ठिकाण सांगितलं, 'पिंपळ मळा, कॅनॉलच्या अलीकडं, चिंचेखाली.' फाइल एक्सेलमध्ये उघडल्यावर मशीनने त्या एका ठिकाणाचे तीन रकाने पाडले. ठिकाण पिंपळ मळा झालं. बिबट्यांच्या संख्येत 'कॅनॉलच्या अलीकडं' आलं. आणि तो काय करत होता, तर 'चिंचेखाली'. नानांनी त्या दिवसापासून स्वल्पविरामाला खिडकीबाहेर काढलं. "स्वल्पविराम माणसाच्या बोलण्यात येतो," ते मला म्हणाले. "टॅब आजवर कुणाच्या तोंडून निघालेला नाही. म्हणून तो प्रामाणिक." मी कात्री चालवत राहिलो.

'दोन-तीन' म्हणणाऱ्या माणसाचीही खैर नसते. लेण्याद्रीच्या पायथ्याला फुलं विकणाऱ्या एकाने एकदा सांगितलं, "दोन-तीन व्हते बघा." नानांनी तसंच आकड्यांत लिहिलं आणि फाइल एक्सेलमध्ये उघडली, तर तिथे लिहून आलं, दोन मार्च. आपण संख्या लिहिली आणि मशीनने तारीख समजली, हे नानांना फार लागलं. त्यांनी फुलवाल्याला परत फोन लावला. "दोन का तीन ते सांगा. तुम्ही दोन-तीन म्हणता आणि इकडे मार्च उजाडतो." त्या माणसाने घाबरून चार सांगितले.

सगळ्यात मोठा अपघात नकाशाचा. नाना कुठल्याशा प्रशिक्षणात बसून नकाशाचं एक फुकटचं सॉफ्टवेअर शिकून आले. सांगितलेल्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांश शोधून फाइलीत दोन रकाने वाढवायचे, ती टॅबवाली फाइल त्यात ओढायची, कुठल्या रकान्यात अक्षांश आहे आणि कुठल्यात रेखांश हे सांगायचं, की प्रत्येक नोंदीचा एक लाल ठिपका नकाशावर बसतो. पहिल्या दिवशी दुकानात पंधरा-वीस माणसं जमली. नानांनी घोषणा केली, बटण दाबलं. आंबेगावात एक ठिपका नाही. जुन्नरात नाही. नकाशा लहान करत करत पुणे गेलं, महाराष्ट्र गेला, देश गेला, आणि शेवटी पार वर, नॉर्वेच्याही वरच्या समुद्रात आमचे सगळे बिबटे एका घोळक्यात सापडले. एक दूधवाला बराच वेळ बघून म्हणाला, "तिकडं ऊस हाय का नाना?" अक्षांश आणि रेखांश एकमेकांच्या जागी बसले होते. नाना अजिबात विचलित झाले नाहीत. "गाडी वेळेवर सुटली आहे," ते म्हणाले. "पाटी चुकीची लागली." पाटी बदलून त्यांनी सगळे बिबटे परत आणले.

तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी हा कार्यक्रम असतो. नाना फाइल तपासतात, कुठे एखादी जास्तीची स्पेस राहिली असेल तर उवा काढाव्यात तशी काढतात आणि मग फाइल आत ओढतात. नकाशावर ठिपके उठतात, बाजूला तक्ता तयार होतो. तक्त्यात दिवसाच्या प्रत्येक तासाला एक खांब, ज्या तासाला बिबटे जास्त दिसले त्याचा खांब उंच. मी दोन्ही छापतो आणि दाराला लावतो. लोक आधी स्वतःचा मळा शोधतात, मग नाराजीने शेजाऱ्याचा.

आता या एवढ्या चोख माणसाची एक गोष्ट मला बरेच दिवस खटकत होती. फाइल नकाशात ओढली की सॉफ्टवेअर दर वेळी सांगायचं, इतक्या ओळी नाकारल्या. कारण त्या ओळींत अक्षांश-रेखांशाचे रकाने रिकामे. एका स्पेससाठी जेवण थंड करणारे नाना ती सूचना बघायचे आणि शांतपणे पुढे जायचे. त्या सगळ्या ओळी एकाच बाईच्या होत्या.

तिचा फोन रोज संध्याकाळी सातला यायचा. साधा बटणांचा फोन, मागे कायम मेंढरांचा आवाज.

"आपलं नाव?" नाना विचारायचे.

"सखूबाई."

"गाव?"

"डिंभं."

"काय दिसलं?"

"बिबट्या दिसला, सायेब."

"ठिकाण?"

"दारातच व्हता. रोजच्याच जागी."

"काय करत होता?"

इथून पुढे त्या बिबट्याची कथा सुरू व्हायची. मी शपथेवर सांगतो, असा बिबट्या तालुक्यात दुसरा नसेल. रोज संध्याकाळी मेंढरांच्या वाड्याशेजारी येऊन बसणारा आणि आजवर एका कोकराला तोंड न लावलेला. "आज लंगडत व्हता, सायेब. डावा गुडघा लई धरलाय." कधी, "आज जेवला न्हाई. एकल्यासाठी चूल पेटवायचा कट्टाळा आला आसंल." कधी, "आज गपच बसला व्हता. श्रावणात आईची लई आठवन येती त्याला."

नवल म्हणजे, त्या 'लई'ला नाना कधी 'किती' विचारत नसत. सगळं शेऱ्यात जसंच्या तसं टाइप करायचे आणि शेवटी खात्याच्या आवाजात म्हणायचे, "नोंद घेतली आहे. त्या बिबट्याला सांगा, गुडघ्याला शेक घ्यावा आणि रात्री काहीतरी खाऊन झोपावं." दुसऱ्या दिवशी डिंभ्याच्या गाडीच्या कंडक्टरकडे तेलाची बाटली जायची. ती मीच एकदोनदा पोचवून आलोय. बाटलीवर पत्ता असायचा, नाव नसायचं.

सखूबाई म्हणजे नानांची सख्खी थोरली बहीण. आक्का.

गावात हे सगळ्यांना माहीत आहे. मला आईने सांगितलं. नानांची आई शेवटची आजारी होती तेव्हा डिंभ्याला आक्काकडे होती. आक्का औषधं न्यायला तालुक्याला आली. संध्याकाळची शेवटची गाडी फलाटावर लागलेली आणि जाळीच्या खोलीत नाना. आक्का फाटकातून पिशवी छातीशी धरून पळत येताना त्यांना दिसली. गाडीची वेळ झाली होती. नानांनी घड्याळ बघितलं आणि गाडी सोडली, कारण वेळ म्हणजे वेळ, बहीण असली तरी. तेव्हा गावाकडे जायला दुसरं काही मिळत नसे. आक्का सकाळच्या गाडीने पोचली तेव्हा आई गेलेली होती. नाना मातीला आले. आक्का त्यांना एवढंच म्हणाली, "मी येताना दिसले व्हते ना तुला?" त्यानंतर बहीणभाऊ एका लग्नात असले तरी दोन वेगळ्या पंगतीत बसायचे. भाऊबिजेला नाना मुद्दाम ड्युटी मागून घेत.

मग ती दुधाच्या भिंतीवरची सूचना डिंभ्याला पोचली. आक्काने कुणाकडून तरी ती वाचून घेतली असेल. तिने नंबर फिरवला आणि म्हणाली, बिबट्या दिसला. नानांनी विचारलं, आपलं नाव?

मला हसू येतं, खोटं कशाला बोलू. सत्तरीकडे आलेला भाऊ रोज सख्ख्या बहिणीला नाव विचारतो आणि ती रोज सांगते. पण एकदा मी हसलो तेव्हा नानांनी माझ्याकडे जे बघितलं त्यानंतर मी त्या वेळेला लॅमिनेशनचं मशीन चालू करून ठेवायला लागलो. आक्काचं घर नानांना डोळे मिटून नकाशावर दाखवता आलं असतं. पण नसलेल्या बिबट्याचा ठिपका ते लावणार नाहीत, आणि बहिणीची ओळ पुसणारही नाहीत. म्हणून दोन रकाने रिकामे. करंगळी तिथे हळू पडायची.

हे असंच चालू राहिलं असतं. मध्ये लाइट आली.

आमच्याकडे शेतीच्या पंपांना लाइट रात्रीची. म्हणजे पाणी धरायला माणसाने अंधारात उसात जायचं, आणि उसात कोण बसलेलं असतं ते वर सांगितलंच. माणसं बायकोला सांगून जातात, बॅटरी घेतात, मोबाइलवर मोठ्याने भजन लावतात. दोघांवर झडप पडलेली, थोडक्यात वाचलेले. दिवसाची लाइट द्या म्हणून गाव अर्ज करून दमलं होतं. शेवटी आमच्या सरपंच शोभाताईंनी वीज कार्यालयाच्या साहेबांना गाठलं. साहेब म्हणाले, नुसतं बिबट्या बिबट्या म्हणू नका, आकडे दाखवा. शोभाताई तडक माझ्या दुकानात आल्या. आकडे म्हटल्यावर नानांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं की त्यांना जणू पुन्हा माइक मिळाला.

नकाशा उत्तम होता. उसाच्या पट्ट्यात ठिपक्यांची दाटी होती. घोळ तक्त्यात निघाला. नकाशाला अक्षांश-रेखांश लागतात, म्हणून आक्काच्या ओळी तो नाकारायचा. तक्त्याला लागते फक्त वेळ. त्याने आक्काची प्रत्येक ओळ घेतली होती. रात्रीचे खांब बऱ्यापैकी उंच होते, पण संध्याकाळी सातचा खांब त्यांच्या डोक्यावरून वर, थेट कागदाच्या कडेला टेकलेला.

शोभाताई खांबाकडे बघत राहिल्या. "नाना, ह्यो तक्ता बघितला तर साहेब काय म्हणंल? बिबट्या सात वाजता येतो, लाइट दहाला येती, मग तुमाला भ्या कशाचं?"

"नोंदी आलेल्या आहेत," नाना म्हणाले.

"आक्काच्या ओळी काढा की. आपल्या गावाच्या बी न्हाईत त्या."

"गाडीत बसलेला प्रवासी उतरवता येत नाही."

"ह्यो बिबट्या खरा न्हाई, हे तुमाला ठावं हाये!"

नाना फाइलमध्ये स्पेस शोधायला लागले. शोभाताईंनी माझ्याकडे बघितलं. मी शटरकडे बघितलं. माझाही ऊस आहे, मलाही रात्री जावं लागतं. खरं सांगतो, त्या दिवशी मला नानांचा राग आला होता.

साहेब बुधवारी आले. संध्याकाळची वेळ, बरोबर गाडी, ड्रायव्हर, हातात दोन मोबाइल. दुकानात माणसं मावेनात. साहेबांना खुर्ची दिली, चहा दिला. ते म्हणाले, "छापील काही नको. फाइल माझ्यासमोर ओढा, म्हणजे मला खात्री पटेल. मला पुढे अजून एका गावाला जायचंय."

नानांनी फाइल उघडली. माउस बटणावर नेला. आणि घड्याळाकडे बघितलं. सातला थोडा वेळ होता.

"दाबा ना," साहेब म्हणाले.

"आजची नोंद यायची आहे."

सात वाजले. फोन वाजला नाही. नानांनी फोन उचलून रेंज बघितली, परत ठेवला. साहेबांनी चहा संपवला, कप खाली ठेवला, स्वतःचं घड्याळ बघितलं. बाहेर ड्रायव्हरने हॉर्न दिला. लोक चुळबुळायला लागले. कुणीतरी मागून म्हणालं, "आवो नाना, सायेब चाललं."

"थांबतील," नाना म्हणाले. "एक प्रवासी यायचा आहे."

वेळ झाली म्हणून सख्ख्या बहिणीसाठी गाडी न थांबवलेला हा माणूस. त्या दुकानात जी जुनी माणसं होती ती एकमेकांकडे बघायला लागली.

शोभाताईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला आणि खाली बघून म्हणाल्या, "नाना, आक्का न्हाई करायची फोन. मीच सांगितलं त्यास्नी दुपारी. म्हनलं, तुमच्या बिबट्यापायी गावाची लाइट जाईल. त्या म्हनल्या, बरं बाई, न्हाई करत. आता कवाच न्हाई करत म्हनल्या."

मला वाटलं, नाना चिडतील. त्यांनी चष्मा काढला, घोंगडीला पुसला, परत लावला. मग फोन घेतला. इतक्या दिवसांत मी त्यांना तिला फोन लावताना पाहिलं नव्हतं. कायम तिचाच यायचा. नंबर त्यांना पाठ होता. स्पीकर चालूच होता, बंद करायचं त्यांना सुचलं नसावं.

"हालो. कोन?"

नानांनी दोनदा घसा खाकरला. आणि मग जो आवाज निघाला तो माइकवरचा नव्हता.

"नोंद द्यायची व्हती."

तिकडे मेंढरं ओरडत होती.

"बिबट्या दिसलाय," नाना म्हणाले.

मग पलीकडून, हुबेहूब नानांच्या चालीवर, प्रश्न आला.

"नाव?"

"किसन."

"गाव?"

"म्हाळुंगं."

"कुटं दिसला?"

"हितंच. दुकानात. कोपऱ्याला."

साहेबांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले.

"किती व्हते?"

"एकलाच."

"काय करत व्हता?"

"वाट बघत व्हता."

"शेरा?"

नाना स्क्रीनकडे बघत होते. करंगळी टॅबवर टेकलेली, पण दाबलेली नव्हती.

"चुकलं म्हणतो त्यो. तू येताना दिसली व्हतीस. गाडी थांबवाया पायजे व्हती."

मला लॅमिनेशनचं मशीन चालू करायचं होतं, हात उचलला नाही. माझा राग कधी गेला ते मला कळलं नाही आणि माझे डोळे भरले होते.

"जेवला का त्यो?" आक्काने विचारलं.

"न्हाई अजून."

"त्याला म्हनावं, गिळ कायतरी. आन सकाळची गाडी हाये डिंभ्याला, तिनं ये म्हनावं."

"ती गाडी येळंवर नस्ती, आक्का."

"नसू दे. म्या थांबते."

फोन तिनेच ठेवला. नानांनी पुढे सरकून फाइलमध्ये आक्काच्या सगळ्या ओळी निवडल्या, कापल्या, दुसऱ्या एका रिकाम्या फाइलमध्ये चिकटवल्या आणि ती फाइल जपून ठेवली. शोभाताई म्हणाल्या, "राहू द्या नाना, आसंल तसं दाखवू." नाना म्हणाले, "नको. त्या गाडीचा प्रवासी उतरलाय." आणि बटण दाबलं. एकही ओळ नाकारली गेली नाही. सातचा खांब खाली बसला आणि रात्रीचे खांब कसे आहेत ते साहेबांना स्वच्छ दिसलं. त्यांनी पाय खाली घेतले आणि नकाशाची प्रत मागितली.

दिवसाची लाइट पुढे आली. पूर्ण नाही, आठवड्यातले काही दिवस. तक्त्यामुळे आली की शोभाताईंनी कार्यालयाचे उंबरे झिजवले म्हणून, यावर गावात अजून वाद आहे. मी माझं पाणी उन्हात धरतो, मला वादात पडायचं कारण नाही.

साहेब येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायला गेलो तर नाना स्टॉपवर. धुतलेली टोपी, हातात तेलाची बाटली आणि केळ्यांची फणी. डिंभ्याची गाडी नेहमीप्रमाणे आलेली नव्हती. मी शटर वर केलं, झाडून घेतलं, अगरबत्ती लावली, तरी नाना तिथेच. शेवटी मी रस्ता ओलांडून गेलो आणि म्हटलं, "नाना, गाडीला लई उशीर झाला."

मी जीभ चावली. आता विचारतील, लई म्हणजे किती.

नानांनी घड्याळ बघितलंच नाही. रस्त्याच्या टोकाकडे बघत म्हणाले, "येऊ दे सावकाश. आक्का थांबलीय."